झणझणीत घास

औषधांनी आईच्या जिभेची चव गेली, त्याला पाच महिने झाले. परवा तीच म्हणाली, "अगं, आली वाटतं चव." मला कोण आनंद झाला! तिला आणि माझ्या दीड वर्षाच्या लेकीला घेऊन मी थेट एका बड्या मेक्सिकन हॉटेलात गेले.

टाको उचलताच फुटला, चिप्स सादळलेले. "नुसताच थाट बाई यांचा," आई म्हणाली. मग वेटरने दिसायला सारख्याच दोन थाळ्या ठेवल्या. भात, राजमा, वर लाल सॉस. आईची मी मुद्दाम तिखटजाळ सांगितली होती, लेकीची बिनतिखटाची, बिनमिठाची.

आईने पहिला घास घेतला आणि रुमालाने वारा घेत हाशहुश केलं.

"आई गं, काय झणझणीत! कान गरम झाले बघ माझे."

माझे डोळेच भरून आले. त्याच आनंदात मी लेकीला घास भरवला, तशी ती किंचाळली. तोंड लालबुंद. तिला घाईघाईने दूध पाजलं, तिच्या थाळीतलं शीत जिभेवर ठेवलं आणि माझ्या डोक्याला झिणझिण्या आल्या. वेटरने थाळ्यांची अदलाबदल केली होती.

आई समोर कपाळावरचा नसलेला घाम पुसत होती. "काय झालं गं पिल्लाला?"

लेकीला मी छातीशी घट्ट धरलं.

"काही नाही, दात येताहेत तिला. तू जेव पोटभर."