लिफ्टसमोरचा डोंगर

मी रंगवलेला सहाफुटी डोंगर गॅलरीवाल्यानं लिफ्टसमोरच्या बोळात टांगला. “अहो, हा लांबून बघायचा असतो! इथं नाक टेकतंय,” मी कंठशोष केला. “मॅडम, मोठी भिंत दुसऱ्यांना दिलीय,” म्हणत त्यानं फोन लावला. लोक लिफ्टमधून उतरून डोंगराला पाठ घासत जायचे. त्यात आज वडील आले. माझ्या चिंचोळ्या खोलीत चित्रांवर वाकून त्यांनी जन्मभर एकच शेरा मारलेला: “नुसते डाग.” लिफ्टमध्ये ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. दार उघडलं, मी बाहेर पडले. “उतरा, अप्पा.” उतरेनात. दार मिटलं. मी वैतागून बटण दाबलं. पुन्हा तेच. “काय लावलंय तुम्ही?” “सरक, मधे येतेस,” ते म्हणाले. “ही पायवाट आपल्या विहिरीकडे उतरते ना?” खाली कोणीतरी लिफ्टचं दार बडवत होतं. बडवू दे. मी बाजूला सरकले आणि बटण दाबूनच धरलं.