पाकात घोळलेली गोळी

भागाक्कांनी दुखण्यावरची सहावी गोळी एकतारी पाकात घोळवली आणि ताटलीत सुकत ठेवली. आतल्या खोलीत हाडांच्या कॅन्सरनं त्यांचा थोरला लेक कण्हत होता.

पुण्याहून आलेली नात दारातच थबकली. “आजी, बाबांच्या गोळ्यांना हे काय लावलंस?”

“तूच काल फोनवर सांगत होतीस ना? नुसतं औषध मेंदूच्या दारातून माघारी फिरतं, साखर जोडली की आत शिरतं म्हणून. एवढी बुकं शिकलीस, आणि बापासाठी वाटीभर पाक करायचं सुचलं नाही तुला?”

नातीनं गॅस बंद केला. “अगं, आम्ही शोधतोय ते दुखण्यावरचं औषधच वेगळं. त्याच्या कणाकणाला साखर जोडावी लागते, प्रयोगशाळेत. पाकात घोळून नाही होत ते. आणि अजून आम्ही फक्त उंदरांनाच देतोय.”

“उंदरांना?” आक्कांनी चमचा ओट्यावर आदळला. “माझा लेक इथं रात्रंदिवस तळमळतोय, आणि तुझे उंदीर मेले सुखानं झोपतायत! माणसाला कधी देणार?”

“दहा वर्षं तरी लागतील.” नातीला रडू फुटलं. ती तिथंच खाली बसली.

आतलं कण्हणं वाढलं. आक्कांनी ताटली मोरीत उपडी केली, पाकिटातून कोरी गोळी काढली आणि पाण्याचा तांब्या उचलला. जाता जाता नातीची पिशवी त्यांनी पायानंच तिच्याकडे सरकवली.

“मग इथं रडत काय बसलीस? तुझ्या बापाचं मी बघते. तू जा, आणि त्या दहाची नऊ वर्षं कर.”