सायकलवरचे बारा आठवडे

"आणखी दोन मिनिटं, आजोबा. मग रक्त घेते," डॉक्टर जिल्दिझ म्हणाली.

एसेनकुल मान खाली घालून पाय मारत राहिला. सायकल जागच्या जागी, पण माणूस घाट चढत असल्यासारखा घामाघूम. वय एकाहत्तर. शेजारच्या सायकलींवरची कॉलेजातली पोरं त्याला चिडवायची, की आजोबा, डोंगरापलीकडच्या नारिन गावाला पोचलात का? तोही म्हणायचा, तुमच्या आधी पोचेन.

बिश्केक शहरातल्या त्या प्रयोगशाळेत बारा आठवडे हे चाललं होतं. व्यायामाने स्नायूंतून जे संप्रेरक रक्तात उतरतं, ते तरुणांत किती आणि म्हाताऱ्यांत किती, हे जिल्दिझला मोजायचं होतं. ते मेंदूच्याही उपयोगी पडत असावं, असं ती पहिल्या दिवशी बोलून गेली होती. तेव्हापासून एसेनकुलने एकही दिवस चुकवला नव्हता. बर्फ पडत होतं तेव्हाही तो चालत आला.

शेवटच्या दिवशी तिने निकाल सांगितला. सुरुवातीला त्याच्या रक्तात ते पोरांच्या निम्मंच होतं. आता जवळजवळ बरोबरीला आलं होतं. तिला वाटलं, म्हातारा खूश होईल. पण त्याने दुसरी बाही वर केली.

"मग आता काढ, पोरी. लागेल तेवढं काढ आणि माझ्या बुरुलला दे. फार विसरायला लागलीय ती."

जिल्दिझने त्याची बाही हळूच खाली ओढली आणि समजावलं, की हे एकाचं दुसऱ्याला देता येत नाही, ज्याचं त्यानेच तयार करावं लागतं. आणि केलं तरी आठवण परत येईल, असं वचन तिला देता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, बायकोला हाताला धरून. प्रयोग तर संपला होता. तरी जिल्दिझने सायकलची बैठक खाली केली. बुरुल बिचकत बसली. एसेनकुल जमिनीवर गुडघे टेकून तिचे पाय दोन्ही हातांनी फिरवू लागला. हळूहळू ते आपणहून फिरू लागले. बुरुलच्या गालांवर रंग चढला. मग ती एकदम लाजली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि वाकून हलक्या आवाजात म्हणाली,

"पाय सोडा हो. माझ्या एसेनकुलने पाहिलं तर काय म्हणेल?"

"काही नाही म्हणणार तो," एसेनकुल म्हणाला. "तुम्ही मारा पाय."