सुटे भाग

निथळणाऱ्या काळ्या तेलाकडे दोघेही बघत होते. रेडीच्या खाणीवरची, चारही चाकांनी ओढणारी ती जुनी जीप भाईंची, आणि तिचा मेकॅनिक सहदेव. गेल्या वर्षी भाईंची दुसरी जीप आंबोलीच्या घाटात कोसळली आणि ती चालवणारा सहदेवचा धाकटा भाऊ जयराम गेला. जीप ठणठणीत होती, जयरामला डुलकी लागली, असे भाईंनी पोलिसांना सांगितले. तेव्हापासून सहदेवच्या घरात जयरामचे नाव मान खाली घालूनच निघे. त्या जीपचा सांगाडा शेडमागे गंजत होता. भाईंनी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता.

"इंजिनात घट्ट तेल घालतंय," सहदेव म्हणाला. "पण बेअरिंगा, गिअर, ब्रेक, सगळा झिजला. मुंबयसून सामान येवक महिनो जातलो."

"मगे त्या मोडक्या जीपचा काढ. बेअरिंगा घे, गिअर घे," भाई म्हणाले. "फकत ब्रेक तिचे घेव नको. माका पोरांक घेवन घाट उतरूचो आसा."

सहदेवने पाना खाली ठेवला. "कित्याक, भाई? ती जीप तर ठणठणीत होती मा?"

 

भाई वळले आणि खाणीच्या लाल वाटेने चालू लागले.