तांदळाची कणी

केबल बदलून झाली, पोर्ट बदलून झालं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करून झाला, तरी स्क्रीनवर दिशाच्या हार्ड डिस्कचा पत्ता नव्हता. नितेश मात्र कंटाळला नव्हता. खुर्चीत मांडी घालून तो आणखी एका केबलचा गुंता सोडवत बसला होता. मालाडच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या मशीन नीट करायच्या आणि घरी येऊन बायकोसाठी पुन्हा तेच करायचं! असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे बोरिवलीच्या त्या बिल्डिंगमध्ये दिशाला येता-जाता कुणी ना कुणी ऐकवायचंच.

दिशाचा जीव टांगणीला लागला होता. लग्नाआधी तिने केलेली इंटिरियरची सगळी ड्रॉइंग्ज त्या डिस्कवर होती, आणि उद्या पवईला मुलाखत होती. जुना लॅपटॉप नितेशनेच एक्सचेंजमध्ये देऊन टाकला होता. डिस्कवर घेतलंयस ना सगळं, मग कशाला हवं ते धूड, असं म्हणाला होता.

तिच्या सासूबाई, सुगंधाबाई, स्वयंपाकघराच्या दारात कोलंबी सोलत बसल्या होत्या.

"तुझ्या बाबांनी माझी शिलाई मशीन अशीच दुरुस्त केली होती रे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "किती दिवस खोलून बसले होते. नंतर ती काही चालली नाही."

आई, ती मशीनच जुनी होती, म्हणत नितेश हसला आणि त्याने डिस्कला नवी केबल लावली. ती नीट आत जाईना. त्याने जोर केला नाही, आत डोकावूनही बघितलं नाही. हिचा टाइम भरला गं, जाऊ दे आता, म्हणाला आणि डिस्क टेबलावर ठेवून दिली.

दिशाला राहवेना. तिने मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि केबल लावायच्या खाचेत हळूच फिरवली. काहीतरी अडकलं होतं. पिनेच्या टोकाने उकरल्यावर टेबलावर एक पांढरा कण पडला. तिने तो बोटावर घेऊन बघितला. तांदळाची कणी होती.

ती नितेशकडे बघतच राहिली. डिस्क तर कपाटात होती, तिच्या साड्यांच्या खाली.

"अगं, परवा जरा भिजली ती," नितेश म्हणाला. "म्हणून तांदळात ठेवली होती. ओल शोषून घेतो ना तांदूळ."

"भिजलीय हे तुला माहीत होतं, मग इतका वेळ केबल का बदलत होतास?"

"तू घाबरली असतीस."

आवाज अगदी मायेचा होता, आणि त्या मायेचीच दिशाला भीती वाटली. कपाटातली वस्तू भिजलीच कशी? स्वयंपाकघराच्या दारात सुगंधाबाईंचे हात थांबले होते.

दिशाने टेबलावरचा मोबाइल उचलून घट्ट धरला. काही बिघडत नाही, ती म्हणाली, पूर्ण झालेल्या घरांचे फोटो यात आहेत. पवईच्या ऑफिसातल्या ऋता मॅडमशी बोलणं झालंय, त्यांना तेवढेही चालतील. उद्या ती जाणारच.

मग जायलाच हवं, नितेश म्हणाला. तो उठला, आईला वळसा घालून आत गेला आणि तांदळाचा डबा घेऊन आला. टेबलावर ठेवून त्याने झाकण काढलं. बोटांनी तांदूळ बाजूला सारत मधोमध एक खड्डा केला, बरोबर मोबाइल मावेल एवढा.

"आण तो इकडे," म्हणत त्याने हात पुढे केला. "त्यालाही ओल लागली असेल."