पूर्वेचं दार

“हे चौदावं पान तेवढं बदला,” शालिकराम म्हणाला आणि पुस्तिकेचा कच्चा छापा त्याने फादर अल्बनच्या हातात परत दिला.

फादर नागपूरचे, वय पस्तीस, कॅथेड्रलचा पन्नास वर्षांचा इतिहास गोळा करता करता जिवाला कंटाळलेले. सकाळपासून कोहका या कारखान्याजवळच्या वस्तीतलं हे चौथं घर. चौदाव्या पानावर शालिकरामची स्तुती होती. चर्चच्या रीतीप्रमाणे वेदी पूर्वेला आणि दार पश्चिमेला हवं. पण ‘द्रष्ट्या मिस्त्रीने’ दार पूर्वेला, कारखान्याकडे ठेवलं. शिफ्ट संपवून येणाऱ्या थकल्या कामगाराला ते समोर उघडं दिसावं म्हणून. त्यासाठीच येत्या रविवारी बिशपांच्या हातून त्याला शाल मिळायची होती.

“तसं काई नोतं,” शालिकराम खुर्चीत मागे रेलला. सत्त्याहत्तराव्या वर्षी खरं बोलायलाही दम लागतो. “बांधकामाचे साहेब आठ दिवस छुट्टीवर गेले होते. नकाशात दार पश्चिमेले. मी म्हटलं, काढनाऱ्याचं चुकलं. देवाच्या घराचं दार मावळतीले रायते का कुठी? मीच चुन्याची आखनी फिरवून टाकली.”

“आणि साहेब परत आल्यावर?”

“तवरिक पाया भरला होता. त्याईनं डोक्याले हात लावला, नकाशा उलटा धरला अन् सही केली.”

फादरांच्या ओठांवर हसू आलं, पण तिथेच दमून बसलं. त्या दारावर तीन बिशपांनी प्रवचनं केली होती; एकाने तर चष्मा काढून डोळे पुसले होते. एक खरं छापायचं, तर किती जणांना खोटं पाडायचं, याचा हिशेब फादरांनी मनातल्या मनात मांडला आणि वही मिटली.

“बाबा, हे आजवर कोणाला सांगितलंत?”

“कोनालेच नाई. मराच्या आधी एकदा सांगून टाकाव म्हटलं.”

“मग ही कबुली झाली. कबुलीतलं आम्हा पाद्र्यांना कुठं बोलता येत नाही. छापता तर नाहीच नाही.”

“मी कुठचा किरिस्ताव?”

“तो नियम तुमच्यासाठी नाही, बाबा. माझ्यासाठी आहे.”

फादरांची स्कूटर गल्लीतून दिसेनाशी झाली. शालिकरामची बायको रंभा कपबशा उचलायला आली. सगळं तिने आतून ऐकलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

“सांग, आता रविवारी कोन्या तोंडानं शाल घेऊ मी?” शालिकराम म्हणाला.

कमरेवर हात ठेवून ती सावकाश सरळ झाली.

“पन्नास वर्सं देव उलटीकडे तोंड करून बसला, तो एक शब्द बोलला नाई. तुमीच काहून बोंबलून राहिले?”