ओळख पटेपर्यंत

पडद्यावर एकदम दोन चौकटी उगवल्या आणि आप्पांचा हात माउसवर तसाच राहिला. लाल चौकट ओरडत होती: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. कोपऱ्यातली निळी चौकट बापडी विचारत होती: सुरक्षेचं अपडेट आलं आहे, सुरू करू का?

खरी कोणती, खोटी कोणती? चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. नकली मशीन नुसतं कानाला लावून ओळखायचा. इथे कान लावणार कुठे?

आत दोनशे पानं होती. घड्याळदुरुस्तीतलं ठाऊक होतं नव्हतं ते सगळं आप्पांनी दोन वर्षं एका बोटाने टाइप केलं होतं. दुसरी प्रत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी.

"आप्पा, मी बोलतेय. माझा फोन बिघडलाय, हा मैत्रिणीचा. ते अपडेट आलं असेल ना? करून टाका आज. किती दिवस टाळताय!"

आवाज घोगरा. मुलीचा म्हटला तर मुलीचा, नाही म्हटला तर नाही. आणि नेमका आत्ताच? गेल्या महिन्यात 'कंपनीतून बोलतोय' म्हणणाऱ्या एका गोड आवाजाने शेजारच्या मास्तरांचा अख्खा कॉम्प्युटर कुलूपबंद केला होता, नातवंडांच्या फोटोंसकट. तोंड पोळलं मास्तरांचं, ताक फुंकत होते आप्पा.

"आपण कोण बोलताय?"

"आप्पा, मीच! सर्दी झालीय. आणि हे 'आपण' काय?"

"मुलगी असाल तर सांगा. तुमच्या पहिल्या घड्याळाचा पट्टा कोणत्या रंगाचा होता?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मला घड्याळ दिलंच कुठे तुम्ही? दादाला दिलंत, दहावीला. माझ्या दहावीला म्हणालात, दुकानात काम फार आहे, सवड झाली की जोडून देतो."

आप्पा चक्रावले. पट्टा निळा होता. मनगट बारीक, म्हणून त्यांनी स्वतः एक जास्तीचं भोक पाडलं होतं. ते मनगट कोणाचं? चोर असता तर लाल, काळा, काहीतरी ठोकून मोकळा झाला असता. अशी तक्रार कुठला चोर करेल?

"निळा होता," ते पुटपुटले.

"हो, दादाचा. रोज बघायचे ना मी."

आप्पा खुर्चीत नीट बसले. खाकरले.

"इथे एक लाल चौकट आलीय. तिचं काय करू?"

"त्या नंबरवर अजिबात फोन करू नका. आत कुठे दाबूही नका. ब्राउझरच बंद करा. मग अपडेटला हो म्हणा. आणि ते झालं की तुमची पानं पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा."

लाल चौकट गेली. त्यांनी निळीवर दाबलं. पडदा काळा झाला, मध्ये एक चक्र फिरू लागलं.

"तू... फोन ठेवतेस का आता?"

"काय लिहून आलंय?"

आप्पांनी चष्मा वर करून एकेक शब्द वाचला. "काम पूर्ण होईपर्यंत बंद करू नका."

"मग नाही करत," ती म्हणाली.